जाऊबाईंसाठी निवडलेलं घर

परदेशात राहण्याची सोय बघणं हे आमच्या घरात थोरल्या जाऊबाईंचं काम. त्या कोलशेतच्या टॉवरमध्ये राहतात, आम्ही ठाकुर्लीच्या जुन्या बिल्डिंगमध्ये. बँकॉकला चौघांनी जायचं ठरलं तेव्हा बुकिंग त्यांनीच केलं. तिथे पोचल्यावर कळलं, त्या आणि भाऊजी नदीकाठच्या हॉटेलात, आणि मी नि माझा नवरा मागच्या गल्लीतल्या हॉस्टेलात.

"अगं, हॉटेल फुल झालं," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हाला काय, ॲडजस्ट करायची सवय आहे."

हॉस्टेलात एकावर एक पलंग, आजूबाजूला सगळी विशीतली पोरं. आमच्या वाट्याला वरचे पलंग. दुखरा गुडघा घेऊन मी शिडी चढले, आम्हाला सोडायला आलेल्या जाऊबाईंसमोरच. नवरा घोरायला लागला की कुणीतरी पलंगाच्या दांड्यावर टकटक करायचं आणि मी शरमेने जागी. सकाळी त्यांच्या हॉटेलच्या लॉबीत थांबले होते, तर समोरून एक जोडपं आलं, खोली आहे का विचारलं आणि किल्ली घेऊन वर गेलंसुद्धा. मग जाऊबाई खाली आल्या, नाश्त्यातलं एक केळं टिश्यूत गुंडाळून.

"घे, तुमच्याकडे नाश्ता नसेल ना."

मी घेतलं.

तेही एक वेळ गिळलं असतं. पण ठाण्यातल्या एका लग्नात, जेवणाच्या रांगेत, त्यांनी हॉस्टेलचा किस्सा सांगितला. मी शिडी कशी चढले ते करूनही दाखवलं, एक हात कमरेवर, एक हवेत. सासरची सगळी माणसं हसली. माझा नवराही हसला. तिथेच, हातात ताट धरून, मी ठरवलं.

पुढे व्हिएतनामचं निघालं तेव्हा मी म्हटलं, "वहिनी, या वेळी राहायचं मी बघते. दर वेळी तुम्हीच किती करणार."

"बघ. पण हॉटेल नको हं. आमच्या टॉवरमधल्या सगळ्या आता होमस्टेच करतात. तिथल्या लोकांसारखं राहायचं."

त्यांनी माझं काम सोपंच करून टाकलं.

ऑफिसातून आले की मी मोबाइल घेऊन बसायचे. गेस्टहाऊस, लॉज, होमस्टे. लोक कौतुक वाचतात, मी तक्रारी वाचत होते. डोंगरातल्या एका गावात हवं ते सापडलं. खांबांवर उभं लाकडी घर, वर एकच मोठी खोली, जमिनीवर गाद्या, मध्ये नुसते पडदे, खाली कोंबड्या आणि डुकरं, संडास अंगणापलीकडे. झोप झाली नाही, असं बऱ्याच जणांनी लिहिलेलं. तिथे त्या दोघांचं बुकिंग केलं. आमच्यासाठी समोरचं छोटं गेस्टहाऊस घेतलं, भातशेतीकडे उघडणाऱ्या खिडकीचं.

"आणि तुम्ही?" पोचल्यावर त्यांनी विचारलं.

"तिथे दोघांचीच जागा होती, वहिनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्हरांड्यात कॉफी पीत होते. जाऊबाई रस्ता ओलांडून आल्या. केस सुटलेले, डोळे लाल. रात्रभर पडद्यापलीकडे कुणाचं तरी तान्हं बाळ रडत होतं, ते गप्प झालं तर कोंबडे सुरू झाले. आणि भाऊजी? ते छान झोपले होते, आता घरच्या बाईंसोबत चुलीपाशी बसून भात खात होते. याचा जाऊबाईंना जास्त राग आला होता.

"इथे खोली मिळेल का?" त्यांनी गेस्टहाऊसच्या मालकिणीला विचारलं. खोली होती. त्या माझ्याकडे वळल्या.

"तू मुद्दाम केलंस ना?"

"हो," मी म्हटलं. "बँकॉकचं हॉटेलही फुल नव्हतं. मी लॉबीतच बसले होते."

त्यांनी मालकिणीच्या हातातली किल्ली घेतली. मी कॉफी संपवली.

भाऊजींनी ते घर सोडायला साफ नकार दिला. उरलेल्या ट्रिपमध्ये आम्ही दोघी नवऱ्यांच्या मार्फत बोललो. परतल्यावर माझा नवरा म्हणाला, "जरा जास्तच झालं तुझं."

"तुम्ही लग्नात हसला होतात," मी म्हटलं. तो विषय त्याने परत काढला नाही.

त्यानंतर चौघं मिळून कुठे गेलेलो नाही. भाऊजी अधूनमधून फोन करतात आणि त्या बाईंच्या हातच्या भाताची आठवण काढतात. जाऊबाई सणाला भेटतात. नीट बोलतात, पण बोलण्याआधी आता माझ्याकडे एकदा बघून घेतात. मला ते आवडतं.