आमदारांना परत बोलवा

वेल्ह्याच्या पोलीस ठाण्यात असताना केलेली एक चौकशी अजून मनातून जात नाही. कुणाचंही नाव देत नाही.

बाजाराच्या दिवशी खबर लागली की, पासलीच्या वरच्या धनगरवाड्यात आमदारांना परत बोलावण्याच्या अर्जावर अंगठे घेतले जात आहेत. पाठोपाठ आमदारांचा एक कार्यकर्ता ठाण्यात हजर. अंगठे फसवून घेतलेत, गुन्हा दाखल करा, असा त्याचा आग्रह. डायरीत नोंद करून मी हवालदारासह वर चढलो.

अर्ज लिहिणारा तिथलाच, भोरच्या एका कचेरीत नोकरीला. त्याने काही लपवलं नाही.

"व्हय, म्याच लिवलाय. निवडून देता येतं, तर काढता का येऊ नये?"

"सरपंचावर अविश्वास आणता येतो. आमदाराला मुदतीआधी परत बोलावण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. मतदारांनी कितीही सह्या केल्या तरी नाही."

त्याचा चेहरा उतरला. पण फसवणुकीचा प्रश्न उरलाच होता. पहिला अंगठा त्याच्या चुलतीचा, शेळ्या राखणाऱ्या विधवेचा. तिला बाजूला घेऊन विचारलं, "मावशी, अर्जात काय लिहिलंय?"

"त्यांना परत बोलवा म्हनून."

"कशासाठी?"

"मत मागाय आलतं, तवा आमचं मालक लई आजारी. डोलीत घालून खाली नेत हुतो. त्यांनी सोता खांदा दिला, पार डांबरी सडकंपत्तुर. मालक वाचलं न्हाईत. पर त्यांना घरात बशिवलं न्हाई, दोन घास घातलं न्हाईत. निवडून गेलं, ते फिरून आलंच न्हाईत."

चार पावलांवर उभा राहून ऐकणारा पुतण्या तिच्याकडे बघतच राहिला. त्याला आमदार पदावरून काढायचे होते, चुलतीला ते घरी यायला हवे होते. दोघांच्या बोलण्यात शब्द एकच होता.

जबाब नोंदवले. फसवण्याचा हेतू दिसला नाही, प्रकरण निकाली काढलं. मग आमदारांना फोन लावून तिचं म्हणणं सांगितलं. ते म्हणाले, "येतो."

पुढच्या निवडणुकीच्या बंदोबस्तात ती मतदान केंद्राबाहेर भेटली.

"मावशी, आले होते का?"

"न्हाई. पर मत त्यांनाच दिलं."

"ते का?"

"दुसरं कुनी निवडून आलं, तर ह्ये हिकडं कशाला येतील, सायेब?"

चिडलेली माणसं मी नोकरीभर सांभाळली. जमाव शांत केले, समजुती घातल्या. लोक रागावतात तितकीच मनापासून वाटही बघतात, हे मला त्या बाईने शिकवलं. ती पदर खोचून चढणीला लागली, आणि दिसेनाशी होईपर्यंत मी रस्त्यातच उभा होतो.