मामांची दिल्ली

मामा कुठूनही निघाले की हाताशी जे असेल त्यावर बोटाच्या पेराने दोनदा वाजवायचे. दाराची चौकट, चहावाल्याचं टेबल, पाण्याचं पिंप, काहीही चालायचं. टक टक. मग मागे वळून विचारायचे, "मागचे आले काय?" मागे कुणी नसलं तरी विचारायचे. आमच्या घरी एकटेच चहाला येत आणि एकटेच परत जात, पण उंबऱ्यावर हा प्रश्न व्हायचाच. माझी आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "आले जी, सगळे आले. या आता तुमी."

त्यांनी सगळी नोकरी लाल बसमध्ये कंडक्टर म्हणून केली. दोन घंट्या दिल्या की गाडी सुटते, ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. मेहकरात आमच्याच गल्लीत त्यांचं घर. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याला सगळे मामा म्हणतात आणि ज्याचं खरं नाव फक्त पोस्टमनला माहीत असतं.

निवृत्तीनंतर कधीतरी चार मित्रांनी गळ घातली, म्हणून मामा त्यांना दिल्ली दाखवून आले. पुढच्या वर्षी त्या मित्रांचे शेजारी तयार झाले. मग दरवर्षी संक्रांत आटोपली की मामांची दिल्ली निघायची. त्यांचा नियम एकच होता. ज्याने दिल्ली पाहिलेली नाही त्यालाच घ्यायचं.

"पाह्यलेला माणूस लय शायनिंग मारते," ते म्हणायचे. "नव्याले पाहू देत नाही."

इतिहास त्यांना फारसा ठाऊक नव्हता आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. हे कुणी बांधलं, असं विचारलं तर म्हणायचे, "पाटीवर लिवलं हाये. वाचणारानं वाचावं, बाकीच्यायनं पाहावं." निघण्याआधी ते सगळ्यांना घरी बोलावून सूचना द्यायचे, त्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाहीत. लाल किल्ल्यात चालणं फार, तेव्हा नवी चप्पल घालू नका. कुतुबमिनार लांबून पाहा, जवळ गेलं की मान दुखते. राजघाटावर गप्पा नको. चांदणी चौकात कुणी हात धरून दुकानात नेलं तर हात सोडवून घ्या, रागावू मात्र नका, त्याचंही पोट आहे.

मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर तर त्यांना बघावं. नऊवारी सावरत बायका खाली थबकलेल्या, मागे दिल्लीकरांची रांग वैतागलेली, आणि मामा कठड्याशी उभे राहून एकेकीला चढवताहेत. "टाका पाय. हं, पुढं सरका, पुढं सरका!" वर सरकवायला जिना समर्थ होता, पण मामांना ते पटत नसे.

एका वर्षी जामा मशिदीच्या पायऱ्यांवर सगळे भारावून उभे असताना त्यांनी विचारलं, "आपल्या रोहिणखेडची मशीद कोणाकोणानं पाह्यली?" कुणाचाच हात वर आला नाही. मामा म्हणाले, "मी मोताळ्याच्या गाडीवर होतो तवा रोज तिकडं जायचो. कमाल लोक हा बाप्पा तुमी. एवढ्या लांब आले, अन घरचं राह्यलं." मग स्वतःच हसले आणि टोपी सारखी करून पुढे निघाले. पुढे म्हणजे सगळ्यांच्या मागे. ते कायम शेवटी चालत.

मी आईला घेऊन त्यांच्याबरोबर गेले, त्या वर्षीची गोष्ट सांगते. मी इथल्या कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, रजा जमवणं सोपं नव्हतं. पण आईने हट्ट धरला होता. बसने भुसावळ आणि तिथून रेल्वे, असा प्रवास. मलकापूरला बस थांबली तेव्हा एक म्हातारी चढली. संग्रामपूरकडच्या एका खेड्यातली, नाव देवकाबाई. तिला पोचवायला आलेल्या भाच्याने मामांचे दोन्ही हात धरून काहीतरी सांगितलं. मामांनी मान हलवली आणि तिला स्वतःच्या जागेवर बसवलं.

रेल्वेत ती खिडकीशी गप्प बसून होती. दुसरे सगळे लाल किल्ला आधी की कुतुबमिनार आधी, यावर वाद घालत होते. तिने एकदाच विचारलं, "भाऊ, पोरायची नावं लिवलेला दगड कवा दाखवता?"

तेव्हा आम्हाला कळलं. तिचा मुलगा राखीव पोलिसात होता. जंगलात गस्तीवर असताना सुरुंग फुटला आणि तो गेला. गावात आलेल्या साहेबांनी तिला सांगितलं होतं की त्याचं नाव दिल्लीत दगडावर कोरलं जाईल. तिला बाकी काही पाहायचं नव्हतं.

"दाखवतो माय," मामा म्हणाले. "इंडिया गेटच्या बाजूलेच हाये. मी दरसाल जातो तठी."

त्या प्रवासात मामांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. खांडव्याला गाडी थांबली, लोक पाण्यासाठी उतरले, आणि गाडी सुटेपर्यंत मामा दारात उभे राहून एकेकाला आत ओढत होते. ते जागेवर परत आल्यावर मी म्हटलं, "मामा, मोठी माणसं आहेत, चढतील की."

ते माझ्या शेजारी टेकले. मग म्हणाले, "भाची, नोकरीच्या सुरवातीले चिखलीच्या स्टँडवर एक बाई पाणी घ्याले उतरली होती. म्या मागं न पाहता डबल घंटी दिली. गाडी सुटली. लेकरू आतमधी, बाई खाली. लोकं ओरडले तवा गाडी फिरवली. ती रस्त्यानं पळत येऊन राह्यली होती, पायात काही नव्हतं. मले एक शब्द बोलली नाही. लेकरू घेतलं अन मागच्या सीटवर जाऊन बसली. शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं."

पहिला दिवस लाल किल्ला, मशीद आणि चांदणी चौकात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही इंडिया गेटला पोचलो. तिथून युद्ध स्मारक. गोल गोल भिंती, त्यांवर सोनेरी अक्षरांत नावंच नावं. आमची माणसं आपोआप हळू बोलायला लागली. मी आणि आमच्यातले कृषी केंद्रवाले काका देवकाबाईच्या मुलाचं नाव शोधायला लागलो. खूप फिरलो. शेवटी तिथल्या एका जवानाला विचारलं.

"किस फोर्स में थे?" त्याने विचारलं. मी सांगितलं. तो अदबीने म्हणाला, "माताजी, यहाँ फौज के नाम हैं. पुलिसवालों का स्मारक अलग है, चाणक्यपुरी में."

देवकाबाईला हिंदी पुरती समजली नाही, पण नाव नाही एवढं समजलं. ती तिथेच फरशीवर बसली. माझ्याकडे बघून म्हणाली, "मंग माहा पोरगा कशात गेला व?"

मामा मागून पुढे आले. त्यांचा चेहरा उतरला होता. ते तिच्यासमोर उकिडवे बसले.

"माय, पोराचं नाव हाये. माहीच चूक झाली. गाव बरोबर हाये, थांबा चुकला. उद्या नेतो तुले."

उद्याचा दिवस कुतुबमिनार आणि कमळमंदिराचा होता. दुपारनंतर परतीची गाडी. संध्याकाळी धर्मशाळेत जेवताना मामांनी सांगितलं की उद्या मिनार रद्द, सगळे चाणक्यपुरीला जाऊ. मग कृषी केंद्रवाले काका बोलले. ते काही वाईट माणूस नव्हते, त्यांचं म्हणणं चुकीचंही नव्हतं.

"मामा, आमी काय पुन्हापुन्हा दिल्लीले येनार हावो काय? मिनार न पाहता गेलो तं लोक हासतीन. बाईले तुमी रिक्षात घेऊन जा. आमी आमचं पाहून येतो."

"तुमाले रस्ता सापडन काय? स्टेशनावर येता येईन काय?"

आदल्याच दिवशी काका मेट्रोत उलट्या दिशेच्या गाडीत बसले होते आणि मामांनी त्यांना दारातून ओढून काढलं होतं.

"एवढ्या लोकायले मी सोडून जाऊ शकत नाही," मामा म्हणाले, "अन तिले बी. ज्याले राग येईन त्यानं गावात सांगा, मामानं फसवलं."

"सांगनारच हावो," काका म्हणाले आणि ताटावरून उठले.

माझी आईसुद्धा मनातून नाराज होती. मिनारासमोर नेसायची म्हणून तिने वेगळी साडी घडी करून आणली होती. सकाळी तीच साडी नेसून ती मुकाट्याने निघाली.

चाणक्यपुरीत रुंद रस्ते आणि झाडं. स्मारकात आमच्याशिवाय फारसं कुणी नव्हतं. मध्ये एक उंच काळा दगड, आणि बाजूने नावांच्या भिंती. इथली नावं वर्षांनुसार होती. मी एका टोकाने शोधायला लागले. काका फाटकाशीच पाठ करून उभे राहिले. मामा देवकाबाईची पिशवी धरून तिच्या मागे उभे होते. त्यांना इंग्रजी अक्षरं वाचायला वेळ लागे, म्हणून ते माझ्याकडे पाहत होते. कालची चूक आजही झाली तर काय, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

माझं वर्ष चुकत होतं. देवकाबाईला साल सांगता येत नव्हतं. "सोयाबीन काढलं होतं तवा," एवढंच ती सांगत होती. मागे पावलं वाजली. काका चष्मा पुसत आले आणि पलीकडच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. बराच वेळ गेला. मग त्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक.

"आजी, इकडं या. इथी हाये."

देवकाबाई गेली. "कोणतं?" काकांनी तिचं बोट धरून नावावर ठेवलं. तिने ते अक्षरांवरून हळूच फिरवलं. आडनावापाशी पोचल्यावर पुन्हा सुरुवातीला आली. मग पदराने ते नाव पुसलं. त्याच्या वरचं पुसलं, खालचंही पुसलं.

"हे बी कोणाचे असतीन," ती म्हणाली. "याच्या बाजूले कोण हाये?"

काकांनी वाचून दाखवलं. एक नाव पंजाबकडचं वाटत होतं, एक आसामकडचं. एक मुसलमानाचं. ती प्रत्येक नावाला मान हलवत होती, जशी मुलाच्या मित्रांची ओळख करून घ्यावी तशी.

"सोबत हाये मंग," ती म्हणाली.

माझी आई तिच्याजवळ जाऊन बसली. मग बाकीच्या बायकाही बसल्या. काका उन्हात उभे राहून आणखी बरीच नावं वाचत राहिले, कुणी सांगितलं नव्हतं तरी. त्या दिवशी घाई करायला मामा पुढे आले नाहीत. गाडीची वेळ झाली तशी देवकाबाईच म्हणाली, "चाला, तुमाले उशीर होईन."

परत आल्यावर व्हायचं ते झालंच. मामांनी मिनार दाखवला नाही, ही गोष्ट गावभर झाली. काकांनी सांगितली नव्हती, दुसऱ्या कुणी सांगितली असेल. पुढच्या वर्षी माणसं जमेनात आणि दिल्ली निघाली नाही. मामा म्हणाले, "लोकायचं बी बरोबर हाये. मिनाराचं सांगून नेलं होतं मी." पण त्या संक्रांतीनंतर ते बरेच दिवस घराबाहेर फारसे दिसले नाहीत.

त्याच्या पुढच्या वर्षी कृषी केंद्रवाले काका आपली बायको, साडू आणि दुकानाशेजारचे दोघेजण घेऊन मामांच्या अंगणात आले.

"तुमाले नेता येत नाही," मामा म्हणाले. "तुमी पाह्यली हाये दिल्ली."

"कुठी पाह्यली? अर्धी तं राह्यली!"

मामांनी पहिल्यांदाच नियम मोडला. तेव्हापासून त्यांच्या दिल्लीत चाणक्यपुरी कायमची आली. नवी माणसं विचारत, तिथं काय पाहण्यासारखं आहे? मामा सांगत, "पाह्याले काही नाही. जरा वेळ उभं राह्याचं."

गेल्या श्रावणात मामा गेले. सकाळी चहा पिऊन आडवे झाले, ते उठले नाहीत.

तेरवीच्या दिवशी अंगणात गर्दी होती. दुपारी मी पाणी द्यायला उभी असताना देवकाबाई आत आली. तीन बसेस बदलून आली होती, एकटी. मामी तिला ओळखत नव्हत्या. त्यांनी विचारलं, "तुमी कोणाकडच्या?"

देवकाबाईने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "मी दिल्लीची."

मामींनी सतरंजीवर सरकून तिला जागा दिली. मग मामी म्हणाल्या, "यायनं सारा गाव नेला, मले नाही नेलं. म्हणे, तू मागं राह्यली तं मी तुह्यापाशीच थांबीन, बाकीच्यायले कोण पाहीन." आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसून त्यांनी विचारलं, "काय काय हाये व दिल्लीत?"

देवकाबाई जरा पुढे सरकून बसली. "लय मोठे रस्ते हायेत," ती सांगू लागली, "अन झाडं हायेत दोन्हीकून. एक काळा दगड हाये, आभायाएवढा..."

मामी ऐकत होत्या. मी दोघींसाठी पाणी ठेवलं आणि तिथून निघून आले.