नाही म्हणायचं नाही

माझी अम्मी मेलेल्या माणसांना फार घाबरायची. मोहल्ल्यात कुणाची मय्यत झाली की ती त्या घरी जायची, दाराजवळच्या बायकांत बसायची, दुआ करायची आणि चेहरा बघायची वेळ आली की पदर डोळ्यांवर ओढून घ्यायची. नानी गेली तेव्हाही तिने फक्त पाय पाहिले. त्यामुळे बडीमाने तिलाच विचारलं तेव्हा मला हसू आलं.

बडीमा आमची नात्यातली कुणी नव्हती. पनवेलच्या आमच्या जुन्या मोहल्ल्यात सगळेच तिला बडीमा म्हणत. मुसलमान बाई वारली की तिला शेवटची आंघोळ, म्हणजे गुसल, बाईनेच घालायची असते. ते काम गेली कित्येक वर्षं बडीमा करत होती. आता तिचे हात थरथरायला लागले होते आणि तिच्यामागे कुणी पुढे येईना. एका दुपारी ती काठी टेकत आमच्याकडे आली आणि अम्मीला म्हणाली, "तू कर."

"मी? बडीमा, मला तर झुरळ मेलेलं उचलवत नाही."

"म्हणूनच. ज्याला भीती वाटते त्याचा हात हळू चालतो."

तिने मग कामाची रीत सांगितली. पैसा घ्यायचा नाही, कपडा घ्यायचा नाही, त्या घरचा चहासुद्धा नाही. कुणाला न्हाऊ घातलं ते आपणहून बोलून दाखवायचं नाही, आणि मय्यतीच्या अंगावर जे वाईट दिसेल ते कुणाला सांगायचं नाही, नवऱ्यालाही नाही. आणि बोलावणं आलं की नाही म्हणायचं नाही. श्रीमंताचं असो, भांडखोराचं असो, स्वतःच्या दुश्मनाचं असो.

अम्मीने आठ दिवस घेतले. त्या आठ दिवसांत ती नमाजच्या चटईवर नेहमीपेक्षा जास्त वेळ बसायची. मी तेव्हा दहावीत होते. एकदा मी तिला विचारलं, "एवढा काय विचार करतेस? सरळ नाही सांग." ती म्हणाली, "अल्लाहचं काम म्हणून मी आजवर काय केलं? नमाज पढले, रोजे ठेवले. ते तर माझ्यासाठीच झालं." नवव्या दिवशी ती बडीमाकडे जाऊन हो म्हणून आली.

अब्बा कुवेतला एसीचं काम करायचे. शुक्रवारी त्यांचा फोन यायचा. अम्मीने सांगितल्यावर ते म्हणाले, "बघ, झेपलं तर." त्यांना वाटलं असावं, झेपणार नाही.

पहिल्या वेळी ती घरी आली ती थेट न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिने मला शांतपणे सगळं समजावून सांगितलं. बोरीची पानं घालून पाणी उकळायचं, ते कोमट होऊ द्यायचं, इतकं की आपल्या मनगटाला सोसेल. अंगावरची चादर शेवटपर्यंत काढायची नाही, तिच्याखालूनच हात फिरवायचा. उजवी बाजू आधी. शेवटच्या पाण्यात कापूर. बोलताना तिचा हात हवेत असा फिरत होता, जणू लहान बाळाला न्हाऊ घालतेय.

मग ते आमच्या घराचं रोजचंच होऊन गेलं. कधी महिनाभर काही नाही, कधी एका आठवड्यात तिघी. कुकरची शिट्टी होण्याआधी ती उठून जायची. ईदच्या दिवशी शेवया वाढता वाढता गेली. माझ्या बारावीच्या निकालाच्या दिवशी गेली. शेजारच्या आगरी काकी मला जेवायला बोलवायच्या आणि म्हणायच्या, "तुजी आय पुन्याचं काम करते, पन पोरीला वाढणार कोन?"

पुण्याचं, सवाबचं काम आहे हे सगळे म्हणत. पण लोकांच्या वागण्यात ते उतरत नव्हतं. लग्नाच्या हळदीला अम्मीला बोलावणं यायचं, पण नवरीला हळद लावायला कुणी तिला पुढे करत नसे. बाळंतिणीच्या खोलीत ती शिरली की कुणीतरी पटकन बाळाला उचलून दुसरीकडे न्यायचं. आपल्या धर्मात असला विटाळ नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरीही. अम्मीच्या ते लक्षात यायचं. हळूहळू तीच मागे राहायला शिकली. दाराजवळ बसायची, आहेर देऊन लवकर निघायची. मला मात्र त्याचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर तो लोकांपेक्षा तिच्यावरच जास्त यायचा. डी.एड.ला असताना वर्गातल्या एका मुलीने माझ्या डब्यातलं खायचं टाळलं आणि मी घरी येऊन अम्मीवर ओरडले. ती म्हणाली, "उद्यापासून डबा तू बनव. मग खातील." आणि खरोखर मला चपात्या करायला लावल्या.

मी तेवीस वर्षांची असताना उरणकडून स्थळ आलं. मुलगा कतारला होता, शिकलेला, फोनवर हळू आवाजात बोलणारा. आम्ही चार-पाच वेळा बोललो होतो. त्याने मला विचारलं होतं की लग्नानंतर शाळेत शिकवायला आवडेल का, आणि एवढ्यावरच मी मनात सगळा संसार मांडून मोकळी झाले होते. मे महिन्यातल्या एका रविवारी मंगनी ठरली. पंचवीस माणसं येणार होती. अब्बांना सुटी मिळाली नव्हती, म्हणून फुफी, म्हणजे त्यांची मोठी बहीण, घरातलं मोठं माणूस म्हणून दोन दिवस आधी येऊन राहिली होती.

सकाळी साडेनऊला अम्मी सांदणं वाफवत होती. आमच्याकडे चांगल्या कामाला तांदळाची ही गोड सांदणं हवीतच. तिचा बटणांचा मोबाइल वाजला. उलव्याच्या एका लहानशा मशिदीचे मौलाना बोलत होते. तिकडे तेव्हा जिकडे तिकडे इमारती उठत होत्या. एका बांधकामावर बंगालहून आलेली एक मजूर बाई तापाने गेली होती. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली होती. उन्हाळ्याचे दिवस, बर्फ नाही, दफन लवकर करायला हवं होतं. साइटवर आणखी तीन बायका होत्या, पण त्यांना यातलं काही येत नव्हतं आणि त्या हात लावायलाही भीत होत्या.

अम्मी "अच्छा, अच्छा" म्हणत ऐकत राहिली. मग तिने शेगडी बारीक केली आणि फुफीकडे पाहिलं.

"जाऊ नकोस," फुफी म्हणाली. "आज नाही. बडीमाला विचार."

"बडीमाला आता उठवत नाही."

"मग पनवेलात बायका मेल्या का सगळ्या? पोरीची मंगनी आहे!"

अम्मी माझ्याजवळ आली. मी नवीन सलवार-कमीज घालून, केस अर्धे विंचरून बसले होते. तिने माझ्या डोक्याकडे हात नेला, पण न ठेवताच मागे घेतला. "बारापर्यंत येते," म्हणाली. मी काहीच बोलले नाही. मला वाटलं, मी बोलले नाही तर ती थांबेल. ती कापराची पुडी आणि कपड्याची पिशवी घेऊन रिक्षात बसली.

पाहुणे बाराला आले. अम्मी आली नव्हती. एक वाजला. फुफीने जेवणं वाढली. मुलाच्या आईने दोनदा विचारलं आणि फुफीने दोनदा "येतेच आहे" म्हटलं. तिसऱ्यांदा तिने खरं काय ते सांगून टाकलं. त्या बाईंचा हात ताटात थांबला. त्या ओरडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "म्हणजे त्याच हातांनी त्या आता माझ्या सुनेला फुलं घालणार? आजच्या दिवशी त्यांना दुसरं कुणी सापडलं नाही?" मग त्यांनी आणलेली अंगठी पर्समधून बाहेरच काढली नाही. "मुलीची आई नसताना कसं करायचं? नंतर बघू," असं म्हणून अडीचला सगळे निघाले.

अम्मी साडेतीनला आली. पाण्याचा टँकर यायचा होता, त्यासाठी ती दोन तास थांबली होती. घामाने चिंब, पायांवर सिमेंटची धूळ. घरात पाहुणे नाहीत हे पाहून ती उंबऱ्यातच उभी राहिली. फुफीने जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. आठ दिवसांनी मध्यस्थांकडून नकार आला. त्या मुलाने मला फोन केला नाही. मी केला, तर त्याने उचलला नाही.

अब्बा फोनवर पहिल्यांदाच ओरडले. "बस्स झालं आता! माझ्या पोरीच्या आयुष्यावर सवाब कमवायचा नाही!" आवाज मलाही ऐकू येत होता. अम्मी म्हणाली, "तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण हो मी तुम्हाला म्हटलं नव्हतं, बडीमालाही नाही. ज्याला म्हटलं त्याला आता काय सांगू?"

मी तिच्याशी बोलणं बंद केलं. एकाच घरात, एकाच ओट्यावर, तीन आठवडे. शेवटी एका दुपारी न राहवून मीच म्हटलं, "तुला जन्नत मिळेल, अम्मी. माझं काय?"

मला वाटलं ती आता अल्लाहच्या मर्जीबद्दल काहीतरी सांगेल. मी त्याला उत्तरही तयार ठेवलं होतं. ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "तुझं नुकसान झालं. माझ्या वाट्याला काय येईल ते मी आठ दिवस बसून ठरवलं होतं. तुझ्या वाट्याला येईल हे मला सुचलंच नाही. त्याची मी तुझ्याकडे माफी मागते." तिचे डोळे भरले होते. "पण उद्या बोलावणं आलं तर मी जाईन. खोटं कशाला सांगू?"

माफी मागणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. मी उठून दुसऱ्या खोलीत गेले. राग गेला नव्हता, पण धरायला जागा उरली नव्हती.

पुढे पंधरा-वीस दिवसांनी एक माणूस पत्ता विचारत आमच्या दाराशी आला. तो त्या मजूर बाईचा नवरा होता. तिशीचा असेल, हातांना चुन्याचे फोड. आत यायला तयार नव्हता. त्याने मोबाइल पुढे धरला. तिकडे गावी त्याची सासू फोनवर होती. ती त्याला रोज एकच गोष्ट विचारायची, आणि त्या बायकांच्या कामात तो आत नसल्याने त्याला सांगता येत नव्हतं. तिच्या मुलीला परक्या मुलखात कुणी न्हाऊ घातलं? घातलं की नाही?

अम्मीने फोन कानाला लावला. तिचं हिंदी मोडकं, त्या बाईचं तिच्याहून मोडकं. मी आतल्या दारात उभी होते.

"हाँ, हम धोया," अम्मी म्हणाली. "अच्छे से धोया. पानी गरम था." मग ऐकत राहिली. "बाल? हाँ, बाल भी. बहोत लंबा बाल था आपकी बेटी का. सीमेंट लगा था, सब निकाला. आहिस्ता आहिस्ता कंघी किया. फिर तीन चोटी डाला." आमच्यात बाईला कफनात गुंडाळण्याआधी केसांच्या तीन वेण्या घालून मागे सोडतात. फोनमधून रडण्याचा आवाज आला. अम्मी "हाँ अम्मा, हाँ" म्हणत दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली, आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. पलीकडची बाई बंगालीत बोलत होती. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी तिने फोन ठेवला नाही.

त्या रविवारी माझे केस अर्धे विंचरलेले होते, हे मला त्या वेळी आठवलं आणि मला माझीच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून मी लगेच मोठ्या मनाची झाले असं काही नाही. त्या स्थळाची हळहळ मला पुढेही वाटत राहिली. वर्षभराने मी अम्मीबरोबर एकदा मदतीला गेले. चादरीखालचा थंड हात माझ्या हाताला लागला आणि मी मोरीपाशी जाऊन ओकले. अम्मीने मला बाहेर पाठवलं. नंतर घरी म्हणाली, "सगळ्यांनी सगळं करायचं नसतं." तेव्हापासून मी फक्त कफनाचे कपडे कापून, घड्या करून ठेवते. बाईला पाच लागतात. तेवढं मला जमतं.

पुढे दोन वर्षांनी नवीन पनवेलच्या एका घरी माझं लग्न ठरलं. बोलणी चालू असताना अम्मीने स्वतःच सगळं सांगून टाकलं, "मला निकाहच्या दिवशीही बोलावणं येऊ शकतं." माझे सासरे म्हणाले, "आमच्या आईला तुम्हीच आंघोळ घातली होती. विसरलात?" अम्मी विसरली नव्हती. बडीमाची रीत होती, म्हणून बोलली नव्हती. निकाहच्या दिवशी तिने मोबाइल हातातून खाली ठेवला नाही, आणि मी नवरीच्या पोशाखात बसून, आज कुणी मरू नये, एवढीच दुआ करत होते. कुणी मेलं नाही. अम्मीने सगळ्यांदेखत माझ्या गळ्यात फुलं घातली.

मध्ये एकदा मी तिला विचारलं, कधी पस्तावलीस का. ती म्हणाली, "पस्तावा नाही. कंटाळा मात्र पुष्कळदा आला. ऊन असायचं, जेवणाची वेळ असायची, वाटायचं, आज दुसरं कुणी गेलं तर काय बिघडेल? मग चप्पल घालायची. चालायला लागलं की कंटाळा जातो."

आता तिचे गुडघे गेलेत. मोहल्ल्यातल्या चार जणी तिच्याकडून शिकल्या आहेत. ती खुर्चीवर बसून फक्त सांगते, पाणी असं घाल, हात असा ठेव. अब्बा कुवेत सोडून कायमचे घरी आले आहेत. फोन आला की "झालं! जेवू पण देऊ नका!" असं म्हणत कुरकुरतात आणि स्कूटर बाहेर काढतात. अम्मीला मय्यतीच्या घराच्या दारापर्यंत सोडतात, आणि ती परत येईपर्यंत रस्त्याच्या कडेला, सावली असेल तिथे उभे राहतात.