पथ्याचा डबा

"प्लुरल इफ्युजन आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे फुफ्फुसाभोवतीच्या आवरणात पाणी साठलं होतं. "पाणीच ना? मग काढता येईल," माझी बायको गीता पटकन म्हणाली. "काढू. पण कारण टीबीचं दिसतंय," डॉक्टर म्हणाले. 'पाणी' ऐकून सावरलेली गीता 'टीबी' ऐकून मटकन खुर्चीत बसली. छातीतलं पाणी मात्र तेच होतं.

त्याआधी महिनाभर अंगात बारीक ताप आणि श्वास घेताना उजवीकडे कळ. मी चाकणला असेंब्ली लाइनवर आहे. ओव्हरटाइमचा थकवा समजून मेडिकलमधल्या गोळ्या खात राहिलो. तुम्ही तसं करू नका.

तपासणीच्या रांगेत आवाज आला, "टीबी संशयित इकडे उभे राहा." संशयित म्हणजे चोर, एवढंच आजवर ऐकलेलं. शेजारची बाई पदर नाकाला लावून सरकली. मला खोकला नव्हता, पण तेव्हा घसा खवखवायला लागला.

सुईनं पाणी काढलं, थुंकी तपासली. "थुंकीत जंतू नाहीत. तुमच्यापासून कुणाला धोका नाही. सगळ्यांबरोबर जेवा, फक्त गोळ्या चुकवू नका," डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं. एकही चुकवली नाही. ताकद आल्यावर त्यांनी फिट लिहून दिलं आणि मी कामावर गेलो.

आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे मधोमध उघडतात. आपलंच आपण खाणारा तिथं चिक्कू ठरतो, म्हणून गीता चौघांना पुरेल एवढी भाजी देते. त्या दिवशी भरलं वांगं होतं. मी डबा मधे सरकवला. शेजारच्या मशीनवरच्या सुभाषनं, माझ्या जिगरी दोस्तानं, तो अलगद माझ्याकडे ढकलला.

"भावा, तुला पथ्य असंल. तू आपलं निवांत जेव."

"मला काही पथ्य नाही. डॉक्टरनं सांगितलंय, कुणाला धोका नाही."

"काळजी वाटती म्हणून बोलतोय राव."

"कुणाची? माझी का तुझी?"

त्यानं आपला डबा उघडून मधे ठेवला आणि सगळ्यांचे हात तिकडे वळले.

ज्यांच्यावर ही पाळी येईल त्यांना सांगतो. शिवी परवडली, तिला उलट शिवी देता येते. काळजीला काय देणार? 'जप', 'आराम कर' हे शब्द कानाला गोडच लागतात. बोलणारा बोलताना पुढे सरकतो की मागे, तेवढं बघा.

उपकार मानायचे तर डॉक्टरांचे. गोळ्या संपल्या, मी ठणठणीत बरा झालो. "वजन छान वाढलंय," शेवटच्या तपासणीला ते खुशीत म्हणाले. वाढणारच.

गीता अजून चौघांची भाजी भरते. "सुभाषभाऊजींना आवडलं का वांगं?" असं संध्याकाळी रिकामा डबा घासताना विचारते. मी हो म्हणतो. 'उद्यापासून भाजी कमी दे' एवढं काही मला तिला सांगवत नाही.