नालीच्या तोंडची कर्दळ

तुलसाबाई कर्दळीवर आडवी पडली तेव्हा कुठे उदारामचं फावडं थांबलं. सरपंच त्याची बायको, पण शिक्का ह्याच्या खिशात.

"ऊठ ना वो बुढे! स्वच्छ गावाची कमिटी येऊन राहिली उद्या. वेशीवर लाल फुलं लावाची हायेत."

"फुलं तोडून ने बापा. गड्डे नोको काढू."

"तोडलेलं फूल दुपारीच मान टाकते. कमिटी चार वाजता येते."

माणसं हसली. हसायला काय जातं! बारा घरांचं सांडपाणी म्हातारीच्या परसामागून वाहत बोरिंगच्या, म्हणजे गावच्या हातपंपाच्या ओट्याला टेकायचं. त्याच पाण्यानं गेल्या साली तिची सून मंजू काविळीत गेली, दोन वर्षांची राखी मागे ठेवून. तेरवी आटोपताच तुलसाबाईनं कोहमारा फाट्यावरच्या धाब्यामागून कर्दळीचे गड्डे पोत्यात भरून एसटीनं आणले, कंडक्टरच्या शिव्या खात. नालीच्या तोंडाशी खड्डा खोदला, गिट्टी टाकली, गड्डे पुरले. कर्दळ नाली पिऊन कमरेएवढी झाली आणि बोरिंगच्या पाण्याचा वास गेला. तलावांच्या पाळी बांधणाऱ्या कोहळी समाजाची लेक ती, तिला कोण शिकवणार?

"पानी कोठं मुरते ते मले समजते, उदाराम! हे काढलं का नाली सीधी बोरिंगात."

"कमिटी गेली का परत लावून देऊ ना!"

दोघांनी तिला बगलेत धरून उचललं. फावड्यानं गड्डे चिरत गेले.

कमिटी आली, फोटो निघाले. तुलसाबाईनं हात जोडून साहेबाला खड्ड्याकडे बोलावलं. "मावशी, अजून तीन गावं आहेत," म्हणून साहेब गाडीत बसला. वेशीवरची कर्दळ बकऱ्यांनी फस्त केली. परत लावायला कोणीच आलं नाही.

पाचव्या दिवशी पाण्याला तोच वास आला.

दुसऱ्या सकाळी बाया पाण्याला गुंड-घागरी घेऊन आल्या, तर हातपंपाच्या दांड्याला बैलाची साखळी, साखळीला कुलूप आणि ओट्यावर तुलसाबाई. किल्ली कनवटीला.

"भूत लागलं का वो हिले? लेकरं तहानली हायेत घरी!"

"तलावाचं आना. उकळून पाजा."

"तेवढं लांब तुझा बाप जाते का?"

कोणीतरी ढेकूळ मारलं. ते खांद्यावर फुटलं, म्हातारी हलली नाही. उदारामनं कुलूप तोडायला माणूस धाडल्याची बातमी आली. ओटा सोडून तलावावर जायची सोय तिलाही उरली नव्हती.

उन्हं चढली तशी राखी रिकामा गिलास घेऊन आली.

"आजी, पानी."

घरचं मडकं कोरडं होतं. तुलसाबाईनं तिला मांडीवर ओढून घेतलं.

"दे ना वो आजी."

म्हातारीचा हात कनवटीकडे गेला आणि किल्लीवरच घट्ट मिटून राहिला.