पिनेवरचे तीन सिंह

नातवंडांनो, माझ्या कपाटातल्या वह्यांमध्ये पेन्सिलीने घासलेला एक पातळ कागद तुम्हाला सापडेल. तो टाकून देऊ नका.

नामांतराच्या गडबडीचं साल होतं. एसटी बंद होत्या आणि सोनपेठचा बाजार अर्धाच भरला होता. भर दुपारी मेंढरं राखणाऱ्या घरातली एक बाई तिच्या दिराबरोबर चालत आमच्या ओसरीवर आली. मला इंग्रजी येतं म्हणून लोक जुने बिल्ले, पदकं ओळखायला माझ्याकडे आणत.

तिचा नवरा इंग्रज राजाच्या लढाईत गेला, तो परतला नाही. तो मेल्याची बातमी दिरानेच आणली. काही वर्षांनी भावाची निशाणी म्हणून पलटणीची चांदीची पिनही त्यानेच आणून दिली. आता ती आटवून त्याला भावाचा टाक, म्हणजे पुजायचा चांदीचा पत्रा, करायचा होता. टाक देव्हाऱ्यात बसला की माणूस पितरांत गेला. मग त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही.

"बाई, आटवायच्या आधी ह्येच्यावर काय हाय त्ये सांगा," ती म्हणाली.

"वैनीला वाटतंय, दादा त्यातून बोलंल," दीर हसला.

माझी पद्धत ठरलेली होती. वस्तूवर पातळ कागद धरून पेन्सिल घासायची आणि कोपऱ्यात तारीख घालायची. माझे वडील लष्करात डॉक्टर होते. वर मुकुट असला तर राजाच्या वेळचं, तीन सिंह असले तर प्रजासत्ताकानंतरचं, एवढं त्यांनी शिकवलं होतं.

कागदावर आधी आयाळ उठली, मग तोंडं. तीन.

राजाच्या लढाईत मेलेल्या माणसाकडे ही पिन असणं शक्य नव्हतं. एक तर ती त्याची नव्हती, नाहीतर तो तेव्हा मेला नव्हता. समोर ती बसली होती, इतक्या वर्षांचं मोकळं कपाळ घेऊन.

"काय निघालं?" दिराने काठी मांडीवर आडवी घेतली.

"सिंह आहेत."

"राजाच्या येळंला सिंह व्हते का, बाई?" तिने विचारलं.

दीर अंगणात बघत होता. तिथे तुमची आई सागरगोटे खेळत होती. तेव्हा ती दुसरीत होती.

"पोरगी तुमची का?" तो म्हणाला. "साळंला एकलीच जाती. वढ्याच्या वाटंनं. रोज बगतो मी."

ती बाई उत्तरासाठी माझ्याकडे बघत राहिली.

"असतील," मी म्हणाले.

"चला वैनी, सोनार वाट बगायलाय." त्याने पिन धोतराच्या सोग्यात बांधली.

ती एक पाऊल मागे थांबली. कागदाकडे बोट करून हळूच म्हणाली, "ह्यो जपा."

अमावास्येला टाक बसल्याचं कानावर आलं. तुमच्या आईला मी वर्षभर हात धरून शाळेत सोडलं. तो दीर ओढ्याकाठी मेंढरं चारत असायचा, मला रामराम घालायचा, आणि मीही घालायचे.

कागदाच्या मागे मी त्याच दिवशी सगळं नीट, मुद्देसूद लिहून ठेवलं. त्या बाईला वाचता येत नव्हतं. वाचून दाखवायला मी कधी गेले नाही.