धाकूशेठचा पाचवा रकाना

धाकूशेठ गेटवर बसतात ते पोटासाठी नव्हे. ठाकुर्लीतल्या ज्या ऑफिस-इमारतीचं गेट ते सांभाळतात, ती त्यांच्याच भातखाचरावर उभी आहे. घरी बसून सुनांच्या कामात नाक खुपसण्यापेक्षा इथं बसून साऱ्या जगाच्या कामात खुपसावं, म्हणून ही वॉचमनकी. गळ्यातली सोन्याची साखळी अशी, की चोर आलाच तर आधी वॉचमनच लुटला जावा.

येणाऱ्यांचं रजिस्टर हा त्यांचा जीव. नाव, फोन, पत्ता, वेळ हे रकाने छापील. पाचवा शेठनी स्वतः पट्टी धरून आखलेला: कोणाचे? आगरी माणसाच्या ओटीवर कोणी आलं की पाण्याआधी हा प्रश्न येतो, आणि गेट म्हणजे शेठच्या मते ओटीच. कुरिअरवाल्यालासुद्धा बापाचं नाव सांगितल्याशिवाय पार्सल वर नेता येत नसे.

देवयानी दर मंगळवारी दुसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीला यायची. पत्त्यात तिनं नुसतं ‘विठ्ठलवाडी’ लिहिलं, तर शेठ म्हणाले, “विठ्ठलवाडी काय तुझे एकटीची हाय? चाळ लिही, खोली लिही.” मागे रांग खोळंबली होती. तिनं लिहिलं.

पुढच्या सोमवारी एक गोडबोल्या आला. “मी देवयानीचा नवरा,” म्हणाला आणि न विचारता गाव, घराणं सगळं सांगून मोकळा झाला. शेठ खूश. त्यांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत त्यानं रजिस्टर चाळलं, मोबाइलनं फोटो काढला. देवयानी ज्याला सोडून पळाली होती, तो हाच. त्या संध्याकाळी तो तिच्या दारावर लाथा घालत होता. शेजारणी लाटणी घेऊन बाहेर आल्या म्हणून निभावलं.

मंगळवारी ती गेटवर उभी.

“काका, माझा पत्ता त्याला कोणी दिला?”

“मी नाय दिला. त्यानं बघितला.”

“उघडा कोणी ठेवला?”

“आमचे दारान लपवालपवी नाय.”

“तुमचं दार शाबूत आहे ना. माझं फोडलं त्यानं. मी म्हटलं होतं, विठ्ठलवाडी एवढं पुरे. तुम्हाला खोलीपर्यंत यायचं होतं.”

शेठना त्यांच्याच जमिनीवर असं कोणी बोललं नव्हतं. “लिहायचं नसंल त कंपनीला सांग, दुसरं कोनी धाडा.”

“सांगते ना. वॉचमन दुसरा बघा, म्हणून सांगते.”

तिनं खोली बदलली. म्हणून नवा पत्ता काढायला तो नवरा पुन्हा गेटवर आला. शेठ रजिस्टरवरच बसले होते.

“शेठ, द्या ना, नाव लिहितो.”

“नको. तू कुनाचा हायस त्या मना ठाव झालंय.”

“बायको आहे ती माझी.”

“मंग तिलाच इचार.”

तो शिव्यांवर आला. शेठनी शांतपणे साखळी शर्टाच्या आत टाकली, हाणामारीत तुटू नये म्हणून. याचा अर्थ ठाकुर्लीत शेंबड्या पोरालाही कळतो. त्यालाही कळला. गेला.

पुढच्या मंगळवारी देवयानी आली तेव्हा शेठनी तिची ओळ आधीच भरून ठेवली होती. फोन शेठचा, पत्ता शेठच्या घरचा. पाचव्या रकान्यात: ‘धाकूची’.

“येऊं दे आता माझे घरा,” शेठ मिशीतून म्हणाले. “चार सुना हायेत.”

तिनं वाचलं. “मला विचारलंत?”

“तुझे भल्याचंच त—”

“तोही हेच म्हणतो.”

तिनं पेन घेतलं आणि कागद फाटेपर्यंत ती ओळ खोडली. शेठ त्या भोकाकडे बघत राहिले. साखळी चाचपली, पण ती आत घालण्यासारखं समोर कोणी नव्हतं.

“मंग काय लिहू?” त्यांनी शेवटी विचारलं.

“नाव. आणि वेळ.”

त्यांनी तेवढंच लिहिलं. ती आभार न मानता जिना चढली. मागून कुरिअरवाला आला. शेठनी घाईघाईनं तिच्या ओळीवर पेपर पसरला. कुरिअरवाल्यानं सवयीनं बापाचं नाव सांगायला तोंड उघडलं, तसे शेठ त्याच्यावर खेकसले, “तुला कोनी इचारलं?”